जागा लावणारा दिगांबर

मानवजातीचे काही मोठे निर्णय अशा ठिकाणी होतात की इतिहासाला त्यांचा पत्ता लागत नाही. असा एक निर्णय पुसदला, आमच्या कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत झाला. जगभरातल्या काही हजार संगणकांमध्ये मेमरीची जागा कुणी आणि कशी वाटायची, हे तिथे एका माणसाने ठरवलं. तो माणूस अकरा महिन्यांच्या नेमणुकीवर होता. निर्णय झाला तेव्हा प्रयोगशाळेतला एकच पंखा चालू होता, कारण दुसऱ्याचा कंडेन्सर गेला होता आणि नव्या कंडेन्सरचा अर्ज कार्यालयात सहीसाठी पडून होता.

त्याचं नाव दिगांबर काळबांडे. मूळचा फुलसावंगीचा, आमच्याकडे प्रयोगशाळा सहायक. मी त्याच कॉलेजात इंग्रजी शिकवत असे. प्रश्नपत्रिका टाइप करून घ्यायला पहिल्यांदा त्याच्याकडे गेलो, तेव्हा दारातच त्याने विचारलं, "किती वेळ लागन, सर?" मी म्हणालो, पाच मिनिटं. त्याने मला स्टूल दिलं. माझ्यामागून इतिहासाच्या बाई आल्या. त्यांनी अर्धा तास सांगितला, त्यांना खुर्ची मिळाली. वीस मिनिटांनी मी अजून स्टुलावरच होतो आणि माझी पाठ भरून आली होती. मी कुरकुर केली.

"तुमी पाच मिन्टं म्हनले," तो शांतपणे म्हणाला. "खरं सांगतलं असतं तं खुर्ची देली असती."

यात विनोद नव्हता. येणाऱ्या प्रत्येकाला थोडी जागा थोड्या वेळासाठी हवी असते आणि किती जागा, किती वेळ, या दोन्हींबद्दल तो खोटं बोलतो, असं त्याचं जगाविषयीचं मत होतं. प्राचार्य आले तरी तो हाच प्रश्न विचारी. प्राचार्यांना तो उद्धटपणा वाटे. मला तो धंद्याचा परिणाम वाटतो.

प्रयोगशाळेत बारा संगणक होते. नागपूरच्या कुठल्याशा कार्यालयाने नवे घेतले तेव्हा जुने आम्हाला दान केले होते. दानाचा फोटो अजून प्राचार्यांच्या खोलीत आहे. त्या यंत्रांची मेमरी इतकी तुटपुंजी होती की बाजारात विकत मिळणारी कुठलीही ऑपरेटिंग सिस्टिम त्यांत मावत नसे. म्हणून दिगांबरने एक फुकट मिळणारी शोधली. जगभरातली माणसं ती हौसेने लिहीत. तिचा मूळ मजकूर कुणालाही वाचता येई, दुरुस्त करून परत पाठवता येई. ही माणसं एकमेकांना कधी भेटत नसत. एका सामायिक यादीवर ईमेल लिहून भांडत. दिगांबर त्या यादीवर गेला आणि त्याचं इंग्रजी तपासायला माझ्याकडे येऊ लागला. मी साहित्याचा माणूस, पण इतक्या सभ्य शब्दांत इतकं घालूनपाडून बोललेलं मी अभ्यासक्रमात कुठेच वाचलं नव्हतं.

मजकूर कळल्याशिवाय इंग्रजी तपासता येत नाही, म्हणून एका दुपारी त्याने मला फळ्यावर शिकवलं. खडूने एक चौकोन काढला. "हे मैदान. जिनिंगचं यार्ड समजा. प्रोग्राम म्हंजे कास्तकार. कोनी एक बंडी आनते, कोनी ट्रॅक्टर-ट्रॉली आनते. प्रत्येकाले मैदानात उभं राहाले जागा पाह्यजे. काम झालं का तो जाते. आता येनाऱ्याले कुठं उभा करायचा, हे सांगनारा गेटवर एक मानूस लागते. तो मानूस म्हंजे ॲलोकेटर."

"आणि तो चुकला तर?"

"तं मैदान मोकळं असून रस्त्यावर लाइन लागते."

गेटवरच्या माणसाची उपमा त्याला सुचलेली नव्हती, तो माणूस खरोखर होता. पुसदबाहेरच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यात, रहीमभाई तीस वर्षं गेटवर काठी घेऊन उभे राहात आणि कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, लावून देत. दिगांबर लहानपणी वडिलांच्या बंडीवर बसून तिथे येई. रहीमभाईंची पद्धत अशी, की आलेल्याला ओळीतली पुढची जागा द्यायची. मधली फट शोधायची नाही, मागे वळून पाहायचं नाही. संध्याकाळपर्यंत सगळे माप देऊन घरी जातात आणि सकाळी मैदान पुन्हा कोरं. दिगांबरने हीच पद्धत संगणकात उतरवली. त्यासाठी दोन वर्षं घातली. आपल्या ॲलोकेटरला त्याने 'बंडी' हे नाव दिलं. बंडीला काही लक्षात ठेवावं लागत नसे, म्हणून ती वेगवान होती आणि स्वतःसाठी जवळजवळ जागाच खात नसे. गरीब यंत्रांना ती मानवली.

ती कापसाची वाईट वर्षं होती. जिल्ह्याबाहेरचे लोक कॅमेरे घेऊन येत, चहाच्या टपरीवर आम्हाला आमच्याच जिल्ह्याविषयी प्रश्न विचारत आणि उत्तरं त्यांना आधीच माहीत असत. आमच्या प्राचार्यांनीही या विषयावर एक दिवसाचं राष्ट्रीय चर्चासत्र घेतलं. आदिलाबादहून आलेल्या एका गृहस्थांमुळे ते राष्ट्रीय ठरलं. समारोपात प्राचार्य म्हणाले की अंधाराच्या या काळात प्रकाशाची एखादी तिरीप आपण शोधली पाहिजे. ती त्यांना पुढच्याच आठवड्यात आमच्या प्रयोगशाळेत सापडली.

झालं असं, की त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मंडळींनी जुन्या, लहान यंत्रांसाठी एकच ॲलोकेटर कायमचा ठरवायचं मनावर घेतलं. उमेदवार दोन उरले. एक दिगांबरची बंडी. दुसरा पोर्तुगालमधल्या तेरेझा नावाच्या बाईंनी लिहिलेला. आणि ठरवायचं कुणी, तर दिगांबरने. कारण इतकी जुनी यंत्रं सगळ्या यादीत त्याच्या एकट्याकडे होती. आपल्याच कामाचा निवाडा त्याने करावा, याला कुणी हरकत घेतली नाही. तेरेझाबाईंनीही नाही. त्यांनी एवढंच लिहिलं की आकडे द्या, मी मानीन.

प्राचार्यांच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी दिगांबरला बोलावून बसायला खुर्ची दिली. "काळबांडे, आपल्या कॉलेजचं काम जगाने स्वीकारलं की मी ते संस्थेच्या सभेपुढे ठेवीन. तुम्हाला कायम करून घेण्याचा ठराव मी स्वतः मांडणार आहे. तुमचा सत्कारही करू."

दिगांबर सहा वर्षं अकरा-अकरा महिन्यांवर जगत होता. दर वर्षी बाराव्या महिन्यात तो बेकार होई आणि तरी रोज येई, कारण त्याच महिन्यात परीक्षा असत. घरी बायको, दोन मुली, भाड्याच्या दोन खोल्या. कायम होणं म्हणजे त्याच्यासाठी काय होतं, हे तो कधी बोलला नाही. फक्त त्या दिवशी माझ्याकडे येऊन त्याने विचारलं, "सर, सेवापुस्तक कसं असते दिसाले?" मी माझं आणवून दाखवलं. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "लयच जाड हाय."

त्याचे आकडे तयार होते. दोन वर्षांच्या प्रत्येक चाचणीत बंडी पुढे होती. तेरेझाबाईंच्या पद्धतीत मैदानाचे आधीच वाफे पाडलेले असत. इथे लहानांनी उभं राहायचं, इथे मध्यम, इथे मोठे. दिगांबरला ते उधळपट्टीचं वाटे. "ट्रक आलेच नाहीत तं त्याईची जागा रिकामी पडून राह्यते. मोठ्या मैदानाले परवडते. आपलं मैदान केवढं?" त्याने हे लिहिलं, मी इंग्रजी नीट केलं. बाईंचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. एकच प्रश्न होता. तुमची सर्वांत लांब चाचणी किती वेळ चालली?

दिगांबरने लिहिलं, चार तास. बाईंनी विचारलं, चारच का? त्याने खरं ते कळवलं, की त्यानंतर आमच्याकडे वीज जाते.

यादीवर दोन दिवस शांतता होती. मला तिचा अर्थ कळला नाही, दिगांबरला कळला.  आमच्याकडे भारनियमन इतकं नियमित होतं की दर चार तासांनी सगळी यंत्रं बंद पडत, पुन्हा चालू होत, आणि मेमरीचं मैदान आपोआप कोरं होई. दोन वर्षं रोज बंडीला हरण्याची वेळच आली नव्हती. तिच्यासाठी मैदान वीज कंपनी झाडून देत होती.

"सर, हे लाइट जाऊन राह्यली हे म्या हिशोबात धरलंच नाही," तो म्हणाला. "आपल्याले सवय झाली ना जी."

बाईंनी सुचवलं, दहा दिवस यंत्र बंद न करता चालवून बघा. पुसदला तेव्हा दहा दिवस सलग वीज असण्याची एकच जागा होती. हंगामात जिनिंग रात्रंदिवस चालते आणि तिथे जनरेटर असतो. दिगांबरने एक संगणक पोत्यात गुंडाळून रहीमभाईंच्या गेटशेजारच्या खोलीत नेऊन ठेवला. आलेल्या गाडीचा नंबर टाकला की टोकन छापून निघे, एवढंच काम त्याला दिलं. बाकी वेळ एक चाचणीचा प्रोग्राम सतत जागा मागे आणि परत करे. रहीमभाईंना ते यंत्र आवडलं. त्यांच्या मते ते त्यांच्याहून कमी बोलत असे.

पाच दिवस बंडी धावली. प्राचार्यांनी फ्लेक्स छापायला टाकला. त्यावर पृथ्वीचा गोल होता आणि गोलावर दिगांबरचा ओळखपत्रावरचा फोटो.

सहाव्या दिवशी दुपारी दिगांबर मला मोटरसायकलवर घेऊन जिनिंगमध्ये गेला. जिनिंगच्या अलीकडे दोन फर्लांगांवरच आम्हाला रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग लागली. गेटवर रहीमभाई घामाघूम होऊन उभे होते.

"मास्तर, तुमचं मशीन बसलं," ते दिगांबरला म्हणाले.

"कवा?"

"सकाळीच. पयले हळू झालं, मंग चूप. म्या हात नाही लावला, खुदा कसम."

दिगांबर आत जाऊन यंत्रापुढे बसला.  मग मला बोलावून पडद्यावरचे आकडे दाखवले. अर्ध्याहून अधिक मेमरी मोकळी होती. पण सलग अशी कुठेच नव्हती. चाचणीच्या प्रोग्रामने काही लहान लहान जागा घेऊन ठेवल्या होत्या आणि सोडल्या नव्हत्या. त्या ओळीत अधूनमधून उभ्या होत्या, त्यांच्यामधल्या फटी रिकाम्या होत्या, आणि मोठं काही मागणाऱ्याला एकही फट पुरत नव्हती.

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर तेच होतं. त्या आठवड्यात कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर आला नव्हता, मग भरायच्या पोत्यांचा बारदाना संपला, खरेदी तीन दिवस बंद. काही लोक बंडी तिथेच ठेवून बैल घरी घेऊन गेले होते. जू जमिनीला टेकलेल्या बंड्या मैदानभर विखरून उभ्या होत्या. मधे रिकामी जागा भरपूर दिसत होती आणि त्यात एकही ट्रॉली वळत नव्हती.

"आधं यार्ड खाली हाय," रहीमभाई मागून म्हणाले, "पन ट्रॉलीले जागा नाही. तिकडं ट्रॅक्टरवाले मले शिव्या देऊन राह्यले. त्याईले वाटते, चाचा पैसे खाऊन आपल्या मानसाईले आत घेते."

मग त्यांनी जे केलं ते मी स्वतः पाहिलं. चार माणसं लावून त्यांनी उभ्या बंड्या हातांनी ढकलत एका बाजूला नेल्या. फक्कीचं घमेलं घेऊन मैदानावर पांढऱ्या रेघा मारल्या. डावीकडे बंड्या, मधे ट्रॉल्या, भिंतीकडे ट्रक. तासाभरात रस्त्यावरची निम्मी रांग आत आली. तीस वर्षांची पद्धत एका तासात मोडली गेली होती आणि मोडणारा आता पाणी पीत होता.

"काहून बदललं, चाचा?" दिगांबरने विचारलं. "एवढे सालं तं एकच लाइन होती."

"एवढे सालं लोकं शामले घरी जात होते. आता जाऊन नाही राह्यले, तं म्या काय करू? लाइन माह्या सासऱ्यानं देली का?"

"पन वाईट नाही वाटलं?"

"कायचं?" रहीमभाईंनी खरोखर न कळून विचारलं.

दिगांबरने यंत्र पुन्हा चालू केलं, त्यावर तेरेझाबाईंचा ॲलोकेटर चढवला आणि दहा दिवस ठेवला. ते दहा दिवस चाललं. थोडं हळू, थोडी जागा वाया घालवत, पण चाललं. दरम्यान संस्थेच्या सभेची तारीख ठरली. दहाव्या दिवसानंतर पाच दिवसांनी सभा, त्याच दिवशी सत्कार.

तो ईमेल लिहून माझ्याकडे घेऊन आला. साडेचार ओळी होत्या. बंडी सहाव्या दिवशी थांबली, दुसरा ॲलोकेटर दहा दिवस चालला, माझी शिफारस दुसऱ्यासाठी आहे. इंग्रजीत दुरुस्त करण्यासारखं फार नव्हतं. म्हणून मी दुसरी दुरुस्ती सुचवली. म्हणालो, हे आठ दिवसांनी पाठव. सभा होऊ दे. कुणाचं काही बिघडत नाही.

"संस्थेचं नाही बिघडत," तो म्हणाला. "पन बाई वाट पाहून राह्यली. अन् तिकडं कोनाचं मशीन आठ दिवसांत बसलं तं? मले तं मालूम हाय ना, ते बसते."

"तुला कायम व्हायचंय ना?"

"व्हायचंय ना, सर. लय व्हायचंय." तो म्हणाला. "घरी बी सांगतलं. तिनं इचारलं, मशीन बसलं हे खोटं हाय का? म्या म्हनलं, नाही. मंग भाजी निवडत बसली."

त्याने ईमेल पाठवला. वीज जायला सात मिनिटं होती, म्हणून घाईघाईत पाठवला. 

प्राचार्यांनी त्याला बोलावलं. या वेळी खुर्ची नव्हती. "काळबांडे, हे काय ऐकतो मी? तुमचं काम नाकारलं गेलं?"

"नाही सर. म्या नाकारलं."

प्राचार्यांनी यावर बराच विचार केला. संस्थेच्या सभेत ठराव आला नाही. सत्कार मात्र झाला, कारण फ्लेक्स छापून आला होता आणि माजी आमदार येणार होते. माजी आमदारांनी यवतमाळच्या मातीतून उगवलेल्या या हिऱ्याचा गौरव केला. हिरा मातीतून उगवत नाही, हे माझ्या शेजारच्या भूगोलाच्या सरांनी माझ्या कानात सांगितलं. शाल, नारळ, टाळ्या झाल्या. दिगांबरला बोलायला सांगितलं तेव्हा तो माइकजवळ जाऊन म्हणाला, "माझं घेतलं नाही. पोर्तुगालच्या बाईंचं घेतलं. ते चांगलं आहे." पुन्हा टाळ्या झाल्या. ते काय म्हणाले, असं पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी मला नंतर विचारलं. मी म्हणालो, आभार मानले.

दोन वर्षांनी कॉलेजला नवे संगणक मिळाले, जुने भंगारात निघाले आणि दिगांबरची नेमणूक पुढे झाली नाही. नव्या यंत्रांना सहायक लागत नाही, असं कारण सांगितलं गेलं. भंगारातले दोन संगणक त्याने वजनावर विकत घेतले आणि पांढरकवड्याला गेला. हमरस्त्यावरच्या एका ट्रकांच्या वजनकाट्यावर त्याला काम मिळालं. काट्याचा संगणक म्हणजे त्या दोनांपैकीच एक. दुसऱ्यावर तो यादीसाठी चाचण्या घेई. नवीन काही सुधारणा आली की ती लहान यंत्रांवर चालते का, हे सांगणारा तोच एक होता. कुणी मेमरी जास्त खाणारं काही आणलं की तो एका ओळीत विचारी, "एवढी कायले?" अर्थात इंग्रजीत, आणि माझ्याशिवाय. त्याची ही ओळ यादीवर इतकी ओळखीची झाली की लोक आपण होऊन काटछाट करूनच काम पाठवू लागले. तेरेझाबाई त्याला दर नाताळला पत्र लिहीत. उत्तरात तो त्यांना पांढरकवड्याचं तापमान कळवी.

मी एकदा हैदराबादला जाताना त्याच्या काट्यावर उतरलो. ट्रकवाले खिडकीशी गर्दी करून होते. तो त्यांच्याशी तेलुगू, हिंदी आणि वऱ्हाडी असं एकाच वाक्यात बोलत होता. मी म्हणालो, तेव्हा आठ दिवस थांबला असतास तर आज निवृत्तिवेतनाचा विचार करत असतास. त्याने एका ट्रकचा नंबर टाकला, पावती फाडून दिली आणि म्हणाला, "करून राह्यलो असतो, सर. पन मशीन बसलंच असतं ना?" मग त्याने मला चहा पाजला आणि बंडीत कुठे चूक होती ते पुन्हा एकदा समजावून सांगितलं. आपल्या चुकीविषयी इतक्या आवडीने बोलणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात तो पांढरकवड्यालाच वारला. सकाळी छातीत दुखलं, दुपारी संपलं. त्याच्या मुलीने मला फोन केला आणि त्या यादीवर कळवाल का, असं विचारलं. मी कळवलं. ते इंग्रजी मला तीनदा लिहावं लागलं. आठवडाभर उत्तरं येत होती. तेरेझाबाईंनी सुचवलं की ऑपरेटिंग सिस्टिमची पुढची आवृत्ती दिगांबर काळबांडे यांच्या स्मृतीला अर्पण करावी. सूचना एकमताने मंजूर झाली. त्या यादीवर एकमत झाल्याचं मला आठवणारं हे एकच उदाहरण. आवृत्ती त्या वर्षअखेरीस निघाली. सुरू करताना पडद्यावर पहिली ओळ त्याच्या नावाची येते, असं त्यांनी मला लिहिलं.

लहान यंत्रांवर चाचणी घ्यायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून त्या आवृत्तीला बऱ्यापैकी मेमरी लागते. त्याच्या मुलीने ती काट्यावरच्या संगणकावर चढवून पाहिली. नावापर्यंत पोचत नाही.